ल्यूथर बरबँक
ल्यूथर बरबँक (७ मार्च १८४९ – ११ एप्रिल १९२६) हे अमेरिकन वनस्पती-संकरतज्ज्ञ होते. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या बरबँक यांनी बटाट्याच्या एका फळातील २३ बियांच्या रोपांतून नवा बटाटा निवडला. त्याचे हक्क विकून १८७५ मध्ये ते कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे गेले. तेथे त्यांनी ८०० हून अधिक वाण तयार केले.

बटाट्याच्याच कुळातील, कामोणीसारख्या दोन जातींच्या संकरातून खाद्य ‘सनबेरी’ निर्माण केल्याचा त्यांचा दावा होता. १९०९ मध्ये ती ‘वंडरबेरी’ नावाने विक्रीस येताच ती रानटी कामोणीच असल्याचा आक्षेप घेऊन टीकाकारांनी त्यांच्या सचोटीवर शंका घेतली. पुढे ती कामोणीहून वेगळी, आफ्रिकेतील सोलॅनम रेट्रोफ्लेक्सम ही जात ठरली. बरबँक प्रयोगांच्या काटेकोर नोंदी ठेवत नसत. त्यामुळे संकराचा दावा सिद्ध झाला नाही.