बसची जुनी तिकिटं चिकटवून चित्रं बनवणारा कलाकार, ज्याला नाझींमुळे देश सोडावा लागला

वापरून झालेलं बसचं तिकीट आपण काय करतो? चुरगाळतो आणि फेकून देतो. कुर्ट श्विटर्स मात्र ते उचलून खिशात टाकायचे. चॉकलेटचे कागद, फाटक्या जाहिराती, दोऱ्या, खिळे, लाकडाचे तुकडे, काहीही चालायचं. आज हीच चित्रं जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत.

श्विटर्स यांचा जन्म 1887 मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. ड्रेस्डेनमध्ये त्यांनी रीतसर चित्रकला शिकली आणि सुरुवातीला चारचौघांसारखीच निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं काढली. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली, सगळंच मोडून पडलं. त्या मोडतोडीतूनच नवं काही उभं करायचं, असं श्विटर्स यांनी ठरवलं.

'मेर्त्स' म्हणजे काय?

1919 च्या सुमारास त्यांनी एका बँकेच्या जाहिरातीचा तुकडा चित्रात चिकटवला. 'कोमेर्त्स' या शब्दातला 'मेर्त्स' एवढाच भाग त्यावर उरला होता. अर्थ काहीच नाही. श्विटर्स यांनी तेच नाव आपल्या कलेला दिलं. पुढे याच नावाचं मासिकही काढलं.

हॅनोव्हरच्या घरात तर त्यांनी कमालच केली. सापडलेल्या वस्तू, लाकूड आणि प्लास्टर वापरून खोलीच्या आतच एक शिल्प उभारायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं ते वाढत गेलं आणि एकाहून जास्त खोल्यांत पसरलं. याचं नाव मेर्त्सबाऊ, म्हणजे मेर्त्सची इमारत.

घर सुटलं ते कायमचं

हिटलर सत्तेत आला आणि आधुनिक कलेवर संक्रांत आली. जानेवारी 1937 मध्ये श्विटर्स नॉर्वेला निघून गेले. मुलगा अर्न्स्ट आधीच तिथे पोहोचला होता. पत्नी हेल्मा मात्र मालमत्ता सांभाळायला हॅनोव्हरलाच राहिल्या. त्याच वर्षी नाझींनी म्युनिकमध्ये 'विकृत कला' नावाचं प्रदर्शन भरवलं. आधुनिक कलेची टिंगल करण्यासाठी भरवलेल्या या प्रदर्शनात श्विटर्स यांचीही चित्रं लावली होती.

1940 मध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत घुसलं. बापलेक जहाजाने स्कॉटलंडला पोहोचले. पण ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रूराष्ट्राचे नागरिक होते! त्यामुळे त्यांना आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबण्यात आलं. तिथे साहित्य मिळेना, म्हणून श्विटर्स यांनी चक्क उरलेल्या लापशीची शिल्पं केली. त्यांना बुरशी लागायची, खोलीत घाण वास सुटायचा, पण काम थांबलं नाही. नोव्हेंबर 1941 मध्ये त्यांची सुटका झाली.

ऑक्टोबर 1943 मध्ये मित्रराष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात हॅनोव्हरचं घर आणि मेर्त्सबाऊ नष्ट झालं. पुढच्याच वर्षी हेल्मा कॅन्सरने गेल्या. श्विटर्स तेव्हा इंग्लंडमध्ये होते.

शेवटची भिंत

1945 मध्ये ते इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये राहायला गेले. लोकांची व्यक्तिचित्रं आणि तिथली निसर्गचित्रं विकून पोट भरायचं, बाकी वेळ कोलाज. 1947 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांना 1,000 डॉलर्सची मदत दिली. तब्येत ढासळलेली असतानाही त्यांनी एल्टरवॉटर गावातल्या एका दगडी कोठारात नवं मेर्त्स सुरू केलं. एकाच भिंतीचं काम बऱ्यापैकी पुढे सरकलं.

8 जानेवारी 1948 रोजी त्यांचं निधन झालं. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याची बातमी आदल्याच दिवशी आली होती.

ती भिंत 1965 मध्ये काढून न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत नेण्यात आली. हॅनोव्हरच्या मेर्त्सबाऊची एक खोली जुन्या फोटोंवरून पुन्हा उभारली गेली, ती तिथल्याच श्प्रेंगेल संग्रहालयात आहे. मूळ मेर्त्सबाऊ मात्र आता फक्त फोटोंतच बघायला मिळतं.