विश्लेषण : मक्याच्या ठिपक्यांतून ‘उडी मारणारी जनुके’ शोधणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक कोण होत्या?

जनुके गुणसूत्रावर आपापल्या जागी कायम बसलेली असतात, असे १९४०च्या दशकात बहुतेक शास्त्रज्ञ मानत. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरून हा समज खोडून काढला. मात्र त्यांचे म्हणणे मान्य व्हायला तीन दशके गेली.

सुरुवात कशी झाली?

बार्बरा यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. १९२७ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी मिळवली. पुढे मिसुरी विद्यापीठात नोकरीची शाश्वती दिसेना, तेव्हा १९४१ मध्ये त्या न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या.

नेमका शोध काय?

तुटलेल्या गुणसूत्रांची टोके पेशी पुन्हा कशी जोडते, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यासाठी वाढवलेल्या मक्यात काही दाणे ठिपकेदार निघाले. डीएनएचा एक तुकडा रंगाच्या जनुकात घुसला की ते जनुक बंद पडते आणि दाणा रंगहीन होतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा निघून गेला, की जनुक पुन्हा सुरू होते. त्या पेशीपासून तयार झालेल्या सर्व पेशी रंगीत होतात आणि ठिपका उमटतो. तुकडा लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर लहान. या हालचालीसाठी दुसऱ्या एका घटकाची साथ लागते, हेही त्यांनी दाखवले. म्हणजेच, पेशीत जनुके चालू-बंद होतात.

शोध दुर्लक्षित का राहिला?

१९५१ मधील परिषदेत त्यांनी हे मांडले, पण प्रतिसाद थंड होता. गुंतागुंतीची मांडणी अनेकांच्या पचनी पडली नाही. १९५३ नंतर त्यांनी या विषयावर शोधपत्रिकांत लिहिणे जवळपास थांबवले. मक्याची लागवड आणि नोंदी मात्र सुरूच ठेवल्या.

मान्यता कधी मिळाली?

१९६१ मध्ये फ्रान्सच्या जेकब आणि मोनो यांनी जिवाणूंमधील जनुकांचे नियंत्रण उलगडले. पुढे जिवाणूंमध्येही जागा बदलणारे डीएनए तुकडे सापडले. १९८३ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, बार्बरा यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल एकटीला मिळाले. २ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज महत्त्व काय?

मानवी डीएनएचा जवळपास निम्मा भाग अशाच तुकड्यांपासून बनला आहे. त्यांतील बहुतेक आता निष्क्रिय आहेत. मात्र एखादा तुकडा रक्त गोठवणाऱ्या जनुकात घुसल्याने हिमोफिलिया झाल्याची उदाहरणे आहेत. प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमताही जिवाणूंमध्ये अशा तुकड्यांमार्फत पसरते.