उलट्या बॅन्जोची एलिझाबेथ

डावखुऱ्या माणसाने शिकण्यासाठी पहिला बॅन्जो कोणता घ्यावा, हा प्रश्न वाद्यांच्या दुकानात आजही घोळ घालतो. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका सात-आठ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीपुढे मात्र तो उभाच राहिला नाही, कारण निवडायला तिच्यापाशी काही नव्हते. घरात एकच बॅन्जो होता आणि तो मोठ्या भावाचा होता. भाऊ उजव्या हाताने तारा छेडत असे. बहीण डावखुरी होती. भाऊ कामावर गेला की ती बॅन्जो उचलायची, उलटा धरायची आणि डाव्या हाताने वाजवायची. तारा काढून उलट क्रमाने लावण्याची सोय नव्हती. संध्याकाळी तो बॅन्जो भावाला जसाच्या तसा हवा असे. या मुलीचे नाव एलिझाबेथ नेव्हिल. पुढे एलिझाबेथ कॉटन म्हणून ती जगाला माहीत झाली, पण तोवर तिची साठी उलटायला आली होती.

इथे थोडा खुलासा आवश्यक आहे. गणपतीच्या मिरवणुकीत आपण ज्याला बॅन्जो म्हणतो, ते वस्तुतः बुलबुलतरंग. टाइपरायटरसारख्या पट्ट्या दाबून वाजवले जाणारे वाद्य. अमेरिकेतला बॅन्जो निराळा. डफासारखे चामडे मढवलेले गोल कडे आणि त्याला जोडलेली लांब दांडी, असे त्याचे रूप. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी ते घडवले. त्याच्या पाच तारांपैकी पाचवी आखूड असते आणि तिची खुंटी दांडीच्या माथ्यावर नसून पाचव्या पडद्यापाशी कडेला ठोकलेली असते. सतारीच्या चिकारीप्रमाणे ही तार एकच सूर सतत देत राहते. उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या अंगठ्याखाली ती अलगद येते.

डावखुऱ्याची खरी अडचण या आखूड तारेपाशी आहे. गिटारच्या तारा उलट क्रमाने लावून घेता येतात. जिमी हेन्ड्रिक्सने तेच केले. चार तारांच्या बॅन्जोलाही, घोडी आणि माथ्याजवळची खाचांची पट्टी बदलली की हा उपाय चालतो. पाच तारांच्या बॅन्जोला तो चालत नाही, कारण कडेची खुंटी आपली बाजू सोडत नाही. त्यासाठी दांडीच वेगळी घडवावी लागते. डियरिंगसारख्या कंपन्या नवशिक्यांसाठी असे डावखुरे बॅन्जो आता बनवतात. सन १९०० च्या सुमारास एका गरीब कृष्णवर्णीय घरात अशी चैन कोठून असणार?

एलिझाबेथचा जन्म ५ जानेवारी १८९३ चा. काही नोंदींत १८९५ हे साल आढळते. तिचे गाव चॅपेल हिलला लागून, आज कार्बोरो नावाने ओळखले जाणारे. घराजवळून आगगाडीचे रूळ जात. भावाने घर सोडले तेव्हा बॅन्जोही त्याच्याबरोबर गेला आणि मुलीचे हात रिकामे झाले. तिने शाळा सोडून धुणीभांडी धरली. महिन्याला ७५ सेंट पगार. त्यातून साठवलेल्या पैशांतून तिने ३ डॉलर ७५ सेंटला ‘स्टेला’ नावाची गिटार विकत घेतली.

ही गिटार तिची स्वतःची होती. तारा हव्या तशा लावायला कोणाची आडकाठी नव्हती. लोकांनी तसे सुचवले, तिने करूनही पाहिले, पण जमेना. हातांना भावाच्या बॅन्जोची उलटी सवय लागून गेली होती. अखेर तारा पुन्हा पूर्ववत झाल्या आणि गिटारही उलटी धरली गेली. साधारणपणे गिटारवादक अंगठ्याने खर्जाच्या तारा छेडतो आणि बोटांनी वरच्या सुरांची चाल काढतो. हिच्याकडे खर्ज बोटांकडे गेला आणि चाल अंगठ्याकडे आली. त्यातून जो डोलदार, गोलाई असलेला नाद निघाला, तो आज ‘कॉटन शैली’ म्हणून शिकवला जातो. उजव्या हाताने वाजवणाऱ्यांना तो हुबेहूब काढताना घाम फुटतो, ही त्यातली गंमत.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी तिने दारावरून जाणाऱ्या मालगाडीवर एक गाणे रचले, ‘फ्रेट ट्रेन’. त्यानंतर मात्र सारे थांबले. १९१० मध्ये फ्रँक कॉटन यांच्याशी विवाह झाला, मुलगी लिली झाली. चर्चमधील वडीलधाऱ्यांना ऐहिक गाणी मान्य नव्हती. संसार आणि चर्च यांच्यामध्ये गिटार हळूहळू बाजूला पडली. मधली काही दशके एलिझाबेथ कॉटन दुसऱ्यांच्या घरी राबत राहिल्या. आपल्याकडच्या कितीतरी स्त्रियांच्या पेट्या आणि तंबोरे लग्नानंतर असेच माळ्यावर गेले आहेत.

पुढे घटस्फोट झाला आणि त्या वॉशिंग्टनला मुलीकडे आल्या. तेथे लॅन्सबर्ग या मोठ्या दुकानात काम करीत असताना त्यांना एक चुकलेली लहान मुलगी सापडली. तिला त्यांनी आईच्या स्वाधीन केले. ती आई म्हणजे संगीतरचनाकार रूथ क्रॉफर्ड सीगर आणि मुलगी पेगी. ‘हम होंगे कामयाब’चे मूळ इंग्रजी गीत जगभर पोहोचवणारे पीट सीगर हे या पेगीचे सावत्र भाऊ. या ओळखीतून एलिझाबेथबाई सीगरांकडे घरकामाला लागल्या. लोकसंगीताच्या संशोधनात बुडालेल्या त्या घरात वाद्ये हाताशीच असत. एके दिवशी स्वयंपाकीणबाई गिटार उलटी धरून वाजवताना पेगीला दिसल्या. लोकगीतांच्या शोधात आयुष्य वेचणाऱ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरातच ही खाण निघावी, हा योग विलक्षणच म्हणायचा.

पेगीचे भाऊ माइक सीगर यांनी एलिझाबेथबाईंच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण केले. फोकवेज कंपनीने ते १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात गिटारबरोबर काही रचना बॅन्जोवरच्याही आहेत. बालपणी भावाच्या बॅन्जोवर बसलेला हात त्यांत ऐकू येतो. मात्र त्याआधीच एक अन्याय घडून गेला होता. पेगी यांच्याबरोबर ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणे इंग्लंडला पोहोचले आणि तेथे दोघांनी ते आपल्या नावावर नोंदवले. चास मॅकडेविट यांचा वाद्यवृंद आणि गायिका नॅन्सी व्हिस्की यांनी गायलेले हे गाणे १९५७ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेले. एक लहान मुलगी रुळांशेजारी बसून जे रचते, ते सातासमुद्रापार विकले जाते आणि ती मात्र कोणाच्या तरी घरी स्वयंपाक करत असते. सीगर कुटुंबाने पाठपुरावा केल्यावर श्रेयात त्यांचे नाव आले. ते अगदी सुरुवातीपासूनच असायला हवे होते.

१९६० मध्ये स्वार्थमोर महाविद्यालयात माइक यांच्यासोबत त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ त्या वाजवत, गात आणि श्रोत्यांना आपल्या गोष्टी सांगत फिरल्या. १९६७ च्या ‘शेक शुगरी’ या तबकडीतील शीर्षकगीत त्यांनी आपल्या पणतीकडून गाऊन घेतले. कार्यक्रमांच्या कमाईतून सिरॅक्यूजमध्ये स्वतःचे घर घेतले. १९८४ मध्ये अमेरिकन सरकारची राष्ट्रीय वारसा शिष्यवृत्ती मिळाली आणि १९८५ मध्ये, ब्याण्णव वर्षांच्या असताना, ग्रॅमी पुरस्कार. २९ जून १९८७ रोजी सिरॅक्यूज येथे त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने आद्य प्रभावांच्या यादीत त्यांचा समावेश केला.

एलिझाबेथबाईंचा दाखला देऊन डावखुऱ्या नवशिक्याला उजव्या हाताचाच बॅन्जो घ्यायला सांगणारे लोक भेटतात. हा दाखला फसवा आहे. त्यांच्यापुढे दुसरा बॅन्जो नव्हता, शिकवणारा नव्हता, आणि असलेला बॅन्जोही परका होता. डाव्या हाताने जेवणाऱ्या मुलाच्या हातावर चापटी मारणारी घरे आपल्याकडेही कमी नाहीत; तशा घरातले एखादे मूल पुढे उत्तम अक्षर काढते, म्हणून चापटी योग्य ठरत नाही. ज्याला आज डावखुरा बॅन्जो परवडतो, त्याने तो खुशाल घ्यावा.

कार्बोरोमध्ये रुळांच्या कडेने आता एक पक्की सायकलवाट जाते. तिला लिबा कॉटन यांचे नाव आहे. लिबा हे सीगरांच्या मुलांनी त्यांना ठेवलेले लाडाचे नाव.