अंकांची कंठमाला गुंफणारे महावीराचार्य

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग (इ. स. ८१४ ते ८७८) यांच्या राजवटीत जैन विद्येला जो बहर आला, त्यात आचार्य जिनसेनांचे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. त्याच काळातील महावीराचार्यांचे स्मरण मात्र आपण क्वचितच करतो. त्यांनी आपल्या ग्रंथात कालनिर्देश केलेला नाही. आरंभी भगवान महावीरांना वंदन करून त्यांनी नृपतुंगाची स्तुती केली, तीवरून त्यांचा काळ इ. स. ८५० च्या सुमाराचा ठरतो. आचार्यांचे जीवनचरित्र म्हणजे वस्तुतः त्यांचा संस्कृत ग्रंथ ‘गणितसारसंग्रह’ होय.

या ग्रंथात गुणाकाराला ‘प्रत्युत्पन्न’ म्हटले आहे. त्या प्रकरणातील काही उदाहरणांची उत्तरे अशी येतात की दोन्ही टोकांकडून वाचली तरी अंक तेच. आचार्यांनी त्यांना गळ्यातील कंठ्याची उपमा दिली. १३९ ला १०९ ने गुणिले असता १५१५१ येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणिले की आठ एकांची माळ तयार होते. परंतु या साऱ्यांत शोभिवंत संख्या १२३४५६५४३२१ हीच. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि क्रमाने उतरणारी, असेच तिचे वर्णन आचार्य करतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून ती मिळते.

वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन पडताळा अवश्य पाहावा. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे १११११११ नव्हे, बरोबर सहा एक : ११११११. म्हणजे ही माळ सहा एकांच्या संख्येचा वर्ग होय. तो मांडताना सहा ओळी एकेक घर सरकवून लिहाव्या लागतात. म्हणून उभ्या बेरजेत प्रथम एक, मग दोन, असे वाढत मधल्या घरात सहा एक जमतात आणि पुढे ते उतरू लागतात. हातचा कोठेच येत नाही. नऊ एकांपर्यंत हे साधते, दहाव्याला माळ तुटते. असे दोन गुणक निवडणारा मनुष्य अंकांशी किती रमला असेल!

याच ग्रंथात चोवीस स्थानांची नावे असून शेवटचे ‘महाक्षोभ’ आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही आचार्यांनी स्पष्टपणे सांगितले. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हे त्यांचे मत मात्र पुढे टिकले नाही, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन यांनी ग्रंथ तेलुगूत आणला. १९१२ मध्ये मद्रास येथून रंगाचार्यांचे इंग्रजी भाषांतरासह संस्करण निघाले, तर हिंदी अनुवाद १९६३ मध्ये आपल्या सोलापुरातील जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केला.