पॉल म्युलर: डीडीटी शोधणारा केमिस्ट आणि औषधाला न जुमानणारा भुंगेरा

महाड-पोलादपूरकडच्या भातखाचरांत पावसाळ्यात एक बारीक, निळसर-काळा किडा दिसतो. त्याला निळा भुंगेरा म्हणतात. तो आणि त्याची अळी, दोघंही पानातला हिरवा भाग खरवडून खातात. पानावर पांढऱ्या रेघा उठतात आणि प्रमाण वाढलं की शेत लांबून करपल्यासारखं वाटतं. मग दुकानातून सायपरमेथ्रीन किंवा लॅम्बडा सायहॅलोथ्रीनची बाटली येते आणि पंप पाठीवर चढतो. ही औषधं किड्याच्या शरीरात ज्या जागी घाव घालतात, त्याच जागी घाव घालणारं आणि जगभर प्रचंड वापरलं गेलेलं पहिलं कृत्रिम औषध म्हणजे डीडीटी. ते कीटकनाशक आहे हे शोधणाऱ्या माणसाची ही गोष्ट. त्याच्या औषधाच्या सुरुवातीच्या मोठ्या परीक्षांपैकी एक भुंगेऱ्यावरच झाली होती.

पॉल हर्मन म्युलरचा जन्म १२ जानेवारी १८९९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या ओल्टेन गावी झाला. वडील रेल्वेत नोकरीला. पॉल वाढला बासेल शहरात. घरात त्याची एक छोटीशी प्रयोगशाळा होती. तिथे तो फोटोच्या काचा धुवायचा, रेडिओची जोडणी करायचा. शाळेत मात्र मार्कांची बोंब. १९१६ मध्ये त्यानं शाळा सोडली आणि केमिकल कंपनीत मदतनीस म्हणून लागला. दोन वर्षांनी परत शाळेत आला, मग बासेल विद्यापीठात गेला आणि १९२५ मध्ये डॉक्टरेट घेऊनच बाहेर पडला. त्याच वर्षी बासेलच्या जे. आर. गायगी या रंग बनवणाऱ्या कंपनीत लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. (ही कंपनी पुढे विलीन होत होत आजच्या नोव्हार्टिसमध्ये गेली.)

सुरुवातीची दहा वर्षं गेली रंग आणि चामडं कमावण्याची रसायनं यांत. १९३५ च्या सुमाराला तो कीटकनाशकांकडे वळला. तेव्हाची औषधं म्हणजे आर्सेनिकसारखी जालीम विषं, नाहीतर पायरेथ्रम या फुलांच्या पावडरीसारखी महागडी आणि उन्हात लगेच निकामी होणारी. म्युलरनं आधी यादी केली: किड्यानं खायची गरज नको, नुसता पाय लागला तरी मेला पाहिजे. माणसाला, जनावराला, झाडाला त्रास नको. वास नको. स्वस्त हवं. आणि टिकाऊ हवं, म्हणजे एकदा मारलं की बराच काळ काम करत राहील असं. यातला शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा.

मग चार वर्षं एकामागून एक रसायनं बनवायची आणि काचेच्या पेटीतल्या माश्यांवर फवारायची. असं सांगतात की ३४९ रसायनं फुकट गेली. सप्टेंबर १९३९ मध्ये, युरोपात युद्ध पेटलं त्याच महिन्यात, त्यानं डायक्लोरो-डायफिनाइल-ट्रायक्लोरोइथेन बनवलं. हे रसायन नवीन नव्हतं. ऑथमार त्साइडलर नावाच्या विद्यार्थ्यानं ते १८७४ मध्येच तयार केलं होतं, पण त्याचा उपयोग काय हे कुणी तपासलंच नव्हतं. म्युलरनं तपासलं. पेटी स्वच्छ धुऊनही नव्या माश्या भिंतीला लागल्या की पडत होत्या. शेवटी पेटी सुटी करून, घासूनपुसून, महिनाभर उघड्या हवेत ठेवावी लागली, तेव्हा कुठे पुढचे प्रयोग करता आले. टिकाऊपणाची अट तर फारच चांगली पूर्ण झाली होती!

स्वित्झर्लंडला तेव्हा अन्नाची चिंता होती आणि बटाट्याच्या पिकावर कोलोरॅडो भुंगेरा आला होता. अंगावर पिवळे-काळे पट्टे असलेला हा किडा मुळात अमेरिकेतल्या काटेरी रानझुडपावर जगायचा. एकोणिसाव्या शतकात तो बटाट्यावर उतरला आणि अमेरिका ओलांडून पुढे युरोपात पोचला. भारतात तो नाही, हे आपलं नशीब. डीडीटीनं हा भुंगेरा पटापट मेला. त्यानंतर १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात लोकांच्या अंगावर पावडर मारून उवा मारल्या आणि टायफसची साथ आटोक्यात आली. १९४८ मध्ये म्युलरला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो डॉक्टर नव्हता, तरीही. माझ्या मते ते मिळायलाच हवं होतं. पुढच्या काळात काय झालं त्यामुळे वाचलेली माणसं कमी होत नाहीत.

पण नोबेलच्या दोन वर्षं आधीच, १९४६ मध्ये, स्वीडनमध्ये डीडीटीनं न मरणाऱ्या घरमाश्या सापडल्या होत्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर कोलोरॅडो भुंगेराही डीडीटीला दाद देईनासा झाला. हाच किडा पुढे पन्नासहून जास्त कीटकनाशकांना पुरून उरला.

गावात आपण म्हणतो, किडीला औषधाची सवय झाली. दारूची सवय होते तसं हे नाही. एका भुंगेऱ्याला आयुष्यात काही सवय होत नाही. समजा, शेतात एक लाख भुंगेरे आहेत आणि त्यातल्या दहांच्या जीनमध्ये योगायोगानं आधीपासूनच एक बदल आहे. फवारणीत बाकीचे मेले, हे दहा उरले. कोलोरॅडोची एक मादी शेकडो अंडी घालते. पुढची पिढी कुणाची, हे वेगळं सांगायला नको. आमच्या कोडिंगच्या भाषेत, रोज एकच टेस्ट चालवली तर ती टेस्ट पास करणारा कोडच शेवटी शिल्लक राहतो. आणि औषध जितकं टिकाऊ, तितकी ही टेस्ट जास्त दिवस चालू. म्युलरनं मुद्दाम शोधलेला गुणच न मरणाऱ्या भुंगेऱ्यांना निवडत राहिला.

म्युलर १९६१ मध्ये निवृत्त झाला. घरीच प्रयोगशाळा करून काम करत राहिला. त्याला झाडांची फार आवड होती, छोटी फळबागही होती. १९६२ मध्ये रेचल कार्सन यांचं सायलेंट स्प्रिंग आलं आणि डीडीटी पक्ष्यांच्या, माशांच्या शरीरात कसं साठत जातं याची जगभर चर्चा सुरू झाली. १३ ऑक्टोबर १९६५ रोजी बासेलमध्ये तो वारला. डीडीटी किड्याच्या आत नेमकं कुठे बसतं आणि कुठे बसत नाही, हे जीनच्या पातळीवर कळायला आणखी तीस वर्षं लागली.

ते असं आहे. मज्जातंतूतून संदेश जाताना सोडियमची बारीक दारं क्षणभर उघडतात आणि बंद होतात. डीडीटी त्या दारात पाचर मारतं. दार उघडंच राहतं, संदेश थांबत नाहीत, किडा थरथरून मरतो. हे दार म्हणजे एक लांबलचक प्रथिन. त्याच्या १०१४ व्या जागी ल्यूसिनऐवजी फिनाइलअॅलनिन आलं की पाचर नीट बसत नाही. जीनमधलं एक अक्षर बदललं तरी एवढं होतं. एल१०१४एफ नावाचा हा बदल आधी घरमाशीत आणि १९९९ मध्ये कोलोरॅडो भुंगेऱ्यातही दाखवला गेला. या भुंगेऱ्यात हा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. मादीकडे दोन एक्स, नराकडे एकच. मादीला पूर्ण संरक्षणासाठी दोन्ही प्रती बदललेल्या लागतात, नराचं एका प्रतीवर भागतं.

सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, परमेथ्रीन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधं याच दारावर काम करतात. म्हणून ज्या किड्यात हा बदल आहे, त्याच्यावर डीडीटी आणि पायरेथ्रॉइड दोन्ही लंगडी पडतात. अशा वेळी डोस दुप्पट केला तर साधे किडे आणखी मरतात, बदल असलेले मागे उरतात आणि पंप मारणाऱ्याच्या नाकातोंडात जास्त औषध जातं. भाताच्या शेतातले कोळी आणि चतुर, जे फुकटात किडे खातात, तेही जातात.

भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं. डासांसाठी ते चालू राहिलं. सरकारी हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या, आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या कारखान्यातही ते तयार व्हायचं. शेतीत त्याची जागा इतर औषधांनी घेतली.

घरी फवारणीची बाटली असेल तर ब्रँडचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरातलं टेक्निकल नाव बघा आणि फोनवर त्याचा आयआरएसी गट शोधा. औषध किड्यात कुठे घाव घालतं, त्यावरून हे आंतरराष्ट्रीय नंबर ठरतात. सायपरमेथ्रीन आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रीन दोन्ही ३ए मध्ये येतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं आणणं म्हणजे औषध बदलणं नव्हे. क्विनॉलफॉस १बी मध्ये आहे, त्याचं काम वेगळ्या जागी चालतं. यादीत ३ए च्या खालीच ३बी आहे, आणि तिथे अजूनही म्युलरचं डीडीटी लिहिलेलं दिसतं.