प्लास्टिकच्या मोटारींचा 'बिग डॅडी'

संच विकला गेला की एक सेंट. अमेरिकेतील 'रेव्हेल' या कंपनीने एड रॉथ या मोटार-कारागिराशी ठरवलेले मानधन इतके किरकोळ होते. मात्र १९६३ या एका वर्षात या एकेका सेंटची बेरीज ३२ हजार डॉलरवर गेली. साधा हिशेब केला तरी लक्षात येते, की त्या वर्षी लाखो घरांत रॉथ यांच्या मोटारी पोहोचल्या होत्या. फरक इतकाच, की त्या मोटारी तळहातावर मावत होत्या, पॉलिस्टायरीनच्या होत्या आणि घेणाऱ्याला स्वतःच्या हाताने जोडाव्या लागत होत्या. रॉथ यांना जाऊन आता पाव शतक लोटले. त्यांनी घडवलेल्या खऱ्या मोटारींपैकी काही मोडल्या, काही परागंदा झाल्या. मात्र त्यांच्या छोट्या प्रतिकृती टिकल्या. एका कलावंताचे काम त्याच्या खेळण्यांनी कसे वाचवले, याची ही कहाणी आहे.

एडवर्ड विल्यम रॉथ यांचा जन्म ४ मार्च १९३२ रोजी कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स येथे झाला. चित्रपटनगरीच्या श्रीमंत वस्तीचे हे नाव असले, तरी घर श्रीमंताचे नव्हते. वडील जर्मनीहून आलेले सुतारकाम करणारे गृहस्थ. रॉथ यांचे बालपण लॉस एंजलिसजवळच्या बेल या कष्टकऱ्यांच्या गावात गेले. तेथील शाळेत मोटार-दुरुस्ती आणि चित्रकला हे दोन्ही विषय त्यांनी घेतले. पुढचे सगळे आयुष्य या दोन विषयांच्या संगमावरच उभे राहिले. १९४६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, १९३३ सालची एक जुनी फोर्ड कूपे त्यांच्या हाती आली आणि मोटार ही विकत घ्यायची नव्हे, तर बदलायची वस्तू आहे, ही खूणगाठ मनाशी बसली.

तो काळच तसा होता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या तरुणांकडे थोडा पैसा आणि बरेच यांत्रिक ज्ञान होते. तीसच्या दशकातील फोर्ड मोटारी भंगाराच्या भावात मिळत. त्यांचे मडगार्ड काढायचे, छप्पर कापून खाली आणायचे, ताकदीचे इंजिन बसवायचे आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत सुसाट पळवायचे, हा दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांचा छंद बनला. अशा मोटारींना 'हॉट रॉड' हे नाव पडले. पुढे १९६४ मध्ये पॉन्टिॲक जीटीओपासून ज्या 'मसल कार'चे युग सुरू झाले असे मानले जाते, त्या ताकदवान मोटारींची आवड याच गल्ल्यांमधून आणि गॅरेजांमधून वर आली होती.

रॉथ यांनी दोन वर्षे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९५१ मध्ये ते हवाई दलात भरती झाले आणि १९५५ मध्ये बाहेर पडले. पाच मुलगे असलेला संसार चालवायचा होता. दिवसा सीअर्स या दुकानात मांडणी विभागात नोकरी आणि रात्री लोकांच्या मोटारींवर बारीक ब्रशने नक्षीच्या रेषा ओढणे, असा दुहेरी दिनक्रम सुरू झाला. 'पिनस्ट्रायपिंग' नावाची ही कला त्या वेळी जोरात होती. एका दमात, हात न थरथरता ओढलेली लांबलचक रेषा हेच या कारागिराचे भांडवल. रॉथ यांनी पुढे मोटार-प्रदर्शनांत बसून बनियनांवर हवेच्या फवाऱ्याने राक्षसी चेहऱ्यांची चित्रे काढून द्यायला सुरुवात केली. डोळे बाहेर आलेले, जीभ लोंबणारी ही भुते मोटारीचा गिअर हातात घेऊन आरडाओरडा करताना दिसत. पोरांना ती आवडली, पालकांना मुळीच आवडली नाहीत, आणि म्हणूनच ती आणखी खपली.

प्लास्टरमधून मोटार

बनियनांच्या कमाईतून रॉथ यांनी स्वतःची मोटार घडवायला घेतली. तोवर हॉट रॉडचा पाया जुन्या पोलादी मोटारीचाच असे. पत्रा कापायला, वाकवायला, वितळजोड करायला कसबी लोहार लागे. रॉथ यांनी वेगळी वाट धरली. फायबरग्लास हा पदार्थ तेव्हा नुकताच बाजारात रुळत होता. मनातला आकार आधी प्लास्टरमध्ये घडवायचा, त्याच्या आधारे काचतंतूचे कापड आणि रेझिन यांचे थर चढवायचे, कठीण झाल्यावर प्लास्टर बाजूला करायचे, घासायचे आणि रंगवायचे. या पद्धतीत पत्र्याची सक्ती उरली नाही. शिल्पकाराला सुचेल तो आकार मोटारीला देता येऊ लागला. १९५९ मध्ये अशा रीतीने 'आऊटलॉ' तयार झाली. ती कोणत्याही कारखान्यातील मोटारीची सुधारित आवृत्ती नव्हती. तिचा देह सर्वस्वी रॉथ यांच्या कल्पनेतला होता.

त्यानंतर १९६१ मध्ये आली 'बीटनिक बँडिट'. या मोटारीला छप्पर नव्हते, तर पारदर्शक प्लास्टिकचा घुमट होता. तापवून मऊ केलेल्या ॲक्रिलिकच्या पत्र्यात हवा भरून साबणाच्या फुग्यासारखा तो फुगवलेला होता. सुकाणूचे चाकही नव्हते. वळणे, वेग वाढवणे आणि थांबणे, या साऱ्यासाठी मध्यभागी एकच दांडा होता. अंतराळयुगाची चाहूल लागलेल्या पिढीला ही मोटार थेट उद्याच्या जगातून आल्यासारखी वाटली. १९६३ च्या 'मिस्टेरियन'मध्ये तर एकाऐवजी दोन फोर्ड इंजिने शेजारी शेजारी बसवलेली होती आणि पुढचा तोंडवळा मुद्दाम एकांगी ठेवलेला होता.

या मोटारी रोजच्या रस्त्यासाठी नव्हत्या, हे खरेच. पाऊस आला, चढ लागला, गर्दीत अडकली, की त्यांचे काय होईल याची चिंता रॉथ यांनी फारशी केली नाही. त्यांचा रस्ता प्रदर्शनाच्या मंडपातून जात होता.

खोक्यातली मोटार

लॉस एंजलिसलगतच्या व्हेनिस येथे लुईस ग्लेझर यांची रेव्हेल कंपनी विमाने, जहाजे आणि मोटारींच्या जोडणी-संचांसाठी प्रसिद्ध होती. पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने सोडायचे, थंड झाल्यावर चौकटीला चिकटलेले सुटे भाग बाहेर काढायचे आणि ते खोक्यात भरून विकायचे, असा हा व्यवसाय. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस 'एएमटी' या स्पर्धक कंपनीने एकाच खोक्यातून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची अशा तीन प्रकारे जोडता येणारी मोटार बाजारात आणली आणि मुले त्यावर तुटून पडली. रेव्हेलला नवे काही हवे होते. ते रॉथ यांच्याकडे तयार होते.

१९६२ मध्ये 'आऊटलॉ'चा संच आला. मूळ मोटारीच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्याएवढा. पाठोपाठ 'बीटनिक बँडिट', 'मिस्टेरियन' आणि 'रोड एजंट' आल्या. खोक्यावर छापायला नुसते एड रॉथ हे नाव फिके वाटत होते, म्हणून कंपनीच्या प्रसिद्धी विभागाकडून 'बिग डॅडी' ही जोड मिळाली आणि ती जन्मभर चिकटली. धिप्पाड देहाचे रॉथ लांब टोपी आणि शेपटीचा कोट घालून प्रदर्शनात मिरवू लागले. मिकी माऊसच्या गोंडस चेहऱ्याला उत्तर म्हणून त्यांनी काढलेला हिरवा, माशा घोंघावणारा, ओंगळ उंदीर 'रॅट फिंक' यालाही १९६३ मध्ये संचाचे रूप मिळाले.

या संचांनी काय घडवले, हे समजून घेण्यासाठी त्यांची जोडणी पाहावी लागते. चौकटीवरून भाग नुसता पिळून तोडला, की कड फाटते. तो धारदार पात्याने कापावा लागतो. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची बारीक रेघ पॉलिश पेपरने घासावी लागते. या छंदातला खास गोंद दोन भागांना नुसता चिकटवत नाही. तो पॉलिस्टायरीन किंचित विरघळवून त्यांना एकजीव करतो, त्यामुळे एक थेंब जास्त पडला तरी पृष्ठभाग बिघडतो. फट राहिली तर पुट्टी भरायची. मग रंगाचे पातळ थर, एकावर एक, मधे वाळू देत. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. सूचनापत्रात नसलेल्या गोष्टी मुले स्वतःच्या डोक्याने करू लागली. स्पार्क प्लगच्या तारांसाठी शिवणाचा दोरा, एका संचातले इंजिन दुसऱ्या मोटारीत, कापून खाली आणलेले छप्पर. मोठ्यांनी गॅरेजात जे केले, तेच मुले जेवणाच्या टेबलावर करत होती. ज्यांना गॅरेज परवडत नव्हते, त्यांना खोके परवडत होते. हातात चावी येण्याआधी हातात कानस आली आणि मोटार आतून कशी असते, हे एका पिढीला त्यातून कळले. पुढे याच मुलांच्या वयाबरोबर दुकानांच्या फळ्यांवर जीटीओ, मस्टँग आणि कॅमेरो यांचे संच आले.

उतरती कळा

यशाचा हा काळ फार टिकला नाही. १९६४ मध्ये रॉथ यांनी 'ऑर्बिट्रॉन' घडवली. तिच्या पुढच्या तीन दिव्यांचे तांबडे, हिरवे आणि निळे झोत एकत्र येऊन पांढरा प्रकाश पडावा, अशी कल्पना होती. पण इंजिन झाकणाखाली लपवले, ही चूक झाली, असे पुढे रॉथ यांनाच वाटले. प्रेक्षकांना चकाकते इंजिन पाहायचे असे. त्याच वर्षी बीटल्सचे अमेरिकेत आगमन झाले आणि तरुणांचे लक्ष गॅरेजाकडून गिटारीकडे वळले, असाही त्यांचा तर्क होता.

रॉथ स्वतः मोटारसायकलींकडे वळले. 'हेल्स एंजल्स' या कुप्रसिद्ध टोळीतील माणसांशी त्यांची उठबस सुरू झाली. त्यांची छायाचित्रे असलेली भित्तिपत्रके ते विकू लागले. १९६७ मध्ये 'चॉपर्स' नावाचे मासिकही काढले. जर्मन सैनिकी शिरस्त्राणाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या टोप्या आणि लोखंडी क्रॉसची पदके त्यांनी विक्रीस आणली, तेव्हा युद्धाची आठवण ताजी असलेल्या समाजात त्याबद्दल रोष उमटणे अपरिहार्य होते. लहान मुलांसाठी खेळणी बनवणाऱ्या कंपनीला असा सहकारी परवडणारा नव्हता. रेव्हेलशी असलेले संबंध संपले आणि त्याबरोबर एकेका सेंटचा ओघही आटला. पालकांना डिवचण्याच्या ज्या वृत्तीने रॉथ यांना वर नेले, तिनेच त्यांना खाली आणले.

१९७० च्या सुमारास मेवूड येथील कार्यशाळा बंद पडली आणि गाजलेल्या मोटारी विकाव्या लागल्या. एके काळी लाखो मुलांच्या भिंतींवर ज्यांचे नाव होते, ते रॉथ आता नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानात पाट्या रंगवू लागले. हात तोच होता, ब्रशही तोच. १९७४ मध्ये त्यांनी मॉर्मन पंथाचा स्वीकार केला. पुढे ते युटा राज्यातील मँटाय या लहानशा गावी स्थायिक झाले आणि तिथेच ४ एप्रिल २००१ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

साच्यातली स्मृती

उतारवयात रॉथ यांना पुन्हा मान मिळाला होता. जुने संच रेव्हेलने पुन्हा बाजारात आणले. लहानपणी ते जोडणारी मुले आता केस पिकलेली, खिशात पैसे असलेली झाली होती. २००६ मध्ये त्यांच्यावर 'टेल्स ऑफ द रॅट फिंक' हा माहितीपट निघाला. मँटाय येथे त्यांच्या चाहत्यांचा मेळावा त्यांच्या पश्चातही भरत राहिला. 'बीटनिक बँडिट' नेवाडा राज्यातील रिनो येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयात विसावली. तिचीच छोटी आवृत्ती १९६८ मध्ये 'हॉट व्हील्स'च्या पहिल्या सोळा मोटारींत झळकली होती. 'ऑर्बिट्रॉन' मात्र २००७ मध्ये सीमेपलीकडे मेक्सिकोतील हुआरेझ शहरात, रस्त्याकडेला, मोडक्या अवस्थेत सापडली आणि तिचा जीर्णोद्धार झाला.

सर्वांत विलक्षण गोष्ट 'मिस्टेरियन'ची. दोन इंजिनांचा भार तिच्या सांगाड्याला पेलवला नाही. ती मोडली, तिचे भाग विखुरले आणि मूळ मोटार कायमची गेली. चार दशकांनंतर ती नव्याने घडवायचे ठरले, तेव्हा आधाराला होती ती जुनी छायाचित्रे आणि रेव्हेलचा प्लास्टिकचा संच. एके काळी मोठ्या मोटारीची मापे घेऊन छोटी घडवली गेली होती. आता छोटीवरून मोठी पुन्हा घडत होती. २००५ मध्ये नवी 'मिस्टेरियन' प्रदर्शनात उभी राहिली. दोन इंजिने, एकांगी तोंडवळा आणि वर पारदर्शक घुमट, जसा साठच्या दशकात मुलांनी जेवणाच्या टेबलावर जपून बसवला होता.