नदीचे ऐकणारे दार

यंत्र अरण्यात येऊन पडते, पशुपक्षी त्याला भितात, आणि त्यांची भाषा शिकल्यानंतरच ते यंत्र तेथले होते, हे पीटर ब्राउन यांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वाइल्ड रोबॉट’ या बालकादंबरीचे सूत्र आहे. भोर-वेल्ह्याच्या मुलांना अशा कथेसाठी दूरच्या बेटावर जावयास नको. त्यांच्याच डोंगरांतून उतरणाऱ्या पाण्यावर शतकापूर्वी अशी यंत्रे बसली. त्या इतिहासात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे स्थान मोठे आहे.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे जन्मलेल्या विश्वेश्वरय्यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. बंगलोरला पदवी घेऊन संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले आणि १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. नाशिक, खानदेश, सक्कर असा प्रवास करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे भागातील पाटबंधाऱ्यांचे काम त्यांच्याकडे आले.

वेल्ह्याच्या आंबी व मोसी या नद्यांचे पाणी मुठेतून खडकवासल्याला येते. पावसाळ्यात ते सांडव्यावरून कित्येक फूट उंचीने वाहून जाई आणि उन्हाळ्यात त्याच पाण्याची टंचाई भासे. धरणाची उंची वाढविणे खर्चाचे व जोखमीचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसविली; १९०३ च्या सुमारास ती कामास लागली. ठरलेल्या पातळीवर पाणी चढले की ते विहिरीत शिरे, तरंगता भार हाले आणि दार उघडे. पातळी उतरली की दार आपोआप मिटे. मध्यरात्रीच्या पुरात माणसाच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. भोरजवळच्या भाटघरच्या जुन्या धरणावर दुसऱ्या एका अभियंत्याची स्वयंचलित दारे आधीच होती. तथापि विश्वेश्वरय्यांची रचना पुढे ग्वाल्हेर व म्हैसूरपर्यंत गेली. या रचनेचे मर्म असे, की तेथे यंत्र नदीला आज्ञा करीत नाही, नदीच यंत्राला आज्ञा करते.

पाणी अडविण्यापेक्षा ते वाटणे अवघड, हा धडा त्यांना येथेच मिळाला. कालव्याच्या पाण्याला पाळी लावण्याचा विचार पुढे येताच ऊस बागायतदार खवळले आणि वर्तमानपत्रांतून टीका झाली. तेव्हा त्यांनी गटपद्धती सुचविली. पाणी मोजक्या गावांत एकवटू न देता अधिक गावांत पोचवावे, प्रत्येक गावात सिंचनाचे गट आखावेत, गटाच्या एका भागात ऊस आणि उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके आलटूनपालटून घ्यावीत, असे तिचे स्वरूप होते. भाटघरच्या पाण्यावर चालणाऱ्या नीरा कालव्यावर ती अमलात आली. पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या चालविलेल्या फड पद्धतीशी तिचे साम्य सहज लक्षात येते. मातीला ओळखीचे वाटले तरच नवे तंत्र मातीत रुजते, हेच यातून दिसते.

१९०८ मध्ये त्यांनी इलाख्याची नोकरी सोडली. हैदराबादची पूरनियंत्रण योजना, कृष्णराजसागर, १९१२ ते १९१८ म्हैसूरची दिवाणगिरी, १९३४ मधील नियोजित अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ आणि १९५५ मध्ये भारतरत्न हा पुढील जीवनक्रम सर्वश्रुत आहे. शंभरी ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये ते निवर्तले. त्याच्या नऊ महिने आधी, १२ जुलै १९६१ रोजी, वेल्ह्यातील पानशेतचे नवे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचा बांध तोडला आणि पुणे जलमय झाले. काम पुरे होण्यापूर्वीच पाणी साठले होते. नदीचे ऐकावयाचे सोडून तिला आपल्या वेळापत्रकात बसवू पाहिले म्हणजे काय होते, हे त्या दिवशी दिसले.

आज भाटघरच्या १९२८ साली सुरू झालेल्या धरणाला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत आणि साठा सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट आहे. ते पाणी बारामती, इंदापूर, फलटणचा ऊस पिकविते. धरणाच्या पोटात मात्र भोरच्या गावांची शेते आहेत. कांबरे येथील कांबरेश्वराचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेवढ्यापुरते वर येते. भोरच्या आणि आता राजगड म्हणविल्या जाणाऱ्या वेल्ह्याच्या डोंगरी वाड्यांवर त्याच दिवसांत टँकरची वाट पाहिली जाते.

येथे दोष यंत्राचा नाही. दाराने नदीचे ऐकले. वाटपाने डोंगराचे ऐकले नाही. अधिक गावांना पाणी हे विश्वेश्वरय्यांच्या गटपद्धतीचे तत्त्व कालव्याच्या खालच्या अंगाला लागू झाले, वरच्या अंगाला नाही. उचल पाण्याच्या योजना खर्चाच्या म्हणून टाळल्या जातात. पण जमीन गमावलेल्यांनी सोसलेला खर्च कोणत्या हिशेबात धरला गेला? १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा करताना प्रतिमेला हार घालण्याबरोबर धरणाच्या काठावरील गावांचा पाण्यावरील पहिला हक्क मान्य करणे हे त्यांचे खरे स्मरण ठरेल. तोपर्यंत जवळजवळ शंभर वर्षे येथे उभे असलेले हे धरण भोर-वेल्हेकरांना आपले वाटणार नाही.